‘डोंगर का पाणी’वरची बंदी

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते, बाकीचं मागाहून. पाथर्डी तालुक्यातल्या, ओढ्याकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या पहिली ते सातवीच्या समस्त मुलांवर झाला. कधी? गेल्या वर्षी भाद्रपदात पूर ओसरून शाळा पुन्हा भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, परिपाठात. प्रतिज्ञा संपली होती आणि सुविचार व्हायचा होता, त्या मधल्या वेळात. हेडमास्तर खाकरले आणि म्हणाले, आजपासून शाळेच्या आवारात ‘डोंगर का पाणी’ हा खेळ बंद. जो खेळेल त्याच्या पालकांना बोलावणं जाईल. मुलं हाताची घडी घालूनच उभी होती. ती तशीच उभी राहिली.

मी मागच्या रांगेत माझी खेळांची गोणी घेऊन उभी होते.

संपादकांनी मला बजावलंय की बाई, अनुभव लिहा, पत्रक लिहू नका. प्रयत्न करते. पण नगरच्या कॉलेजात असल्यापासून मी पत्रकंच लिहीत आले: वसतिगृहाच्या पाण्यावर, एसटीच्या पासवर, मुलींच्या स्वच्छतागृहावर. तिथे एक धडा मिळाला. पहिल्या ओळीत अन्याय नसेल तर माणूस पत्रक घडी करून त्यात भेळ बांधून नेतो. शिवाय हे असलं लेखन निवृत्त झालेली माणसं करतात. मला तेवढं थांबायला वेळ नाही.

माझं काम असं: पूर, वादळ, दरड असं काही झालं की त्या गावात जाऊन मुलांसोबत खेळायचं. बस, एवढंच. लोक पहिल्यांदा विचारतात, याचा पगार मिळतो? मिळतो. खेळायचा? हो, खेळायचा. मग थोडं थांबून विचारतात, लग्न झालंय का. गावात मला ‘खेळाची बाई’ म्हणतात. रागातलं असेल तर ‘ती खेळवाली’.

गोणीत दोर, दोन चेंडू, खडू, जुन्या साड्या आणि रिकामे डबे असतात. पद्धत साधी आहे. रोज त्याच जागी, त्याच वेळेला जाऊन उभं राहायचं, म्हणजे ज्या मुलांच्या घरातलं सगळं हललंय त्यांना एक गोष्ट तरी न हलणारी मिळते. ‘पुरात काय झालं रे बाळा?’ हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. पाहुणे, पत्रकार, पुढारी सगळे तोच विचारून गेलेले असतात. मुलं सांगतील ते व्हायचं. म्हैस व्हायचं, पोलीस व्हायचं. मी एकदा अख्खी दुपार विजेचा खांब होते. मला एवढीच सूचना होती, की पडायचं नाही.

आणि सगळ्यात अवघड, आऊट झालो तर खरंखुरं आऊट व्हायचं. मोठं माणूस मुद्दाम हरलं की मुलांना लगेच कळतं आणि ती तुमच्याशी सभ्यपणे वागायला लागतात. मूल सभ्यपणे वागायला लागलं की समजावं, आपलं काम बुडालं.

मुलं खेळतात काय, तर जे झालं तेच. हे मोठ्यांना पचत नाही. ज्या पुरात मुलांची तीन दिवस चूल पेटली नाही, त्यानंतर ती ‘मदत-मदत’ खेळताना मी पाहिलीत. एकजण पुढारी होतो. तो बिस्किटाचा पुडा समोरच्याच्या हातात देतो, पण सोडत नाही. दोघं तसेच पुडा धरून कॅमेऱ्याकडे बघत उभे राहतात. कॅमेरा म्हणजे तिसऱ्याच्या हातातली चप्पल. चप्पलवाला म्हणतो, ‘साहेब, अजून एक, डोळे मिटले.’ मग पुन्हा. शेवटी पुडा सुटतो तेव्हा घेणाऱ्याने पाया पडायचं असतं, आणि जो सगळ्यात खोटं पाया पडेल तो पुढचा पुढारी. मी पत्रकांत जे कधी जमवू शकले नाही ते दुसरीतल्या पोरांनी चपलेवर केलं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं.

राजूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत उलटं पाहिलं. तिथे डोंगराचा एक भाग गोठ्यावर आला होता. खाली शाळेच्या खोल्यांत राहायला आलेली ती मुलं ‘डोंगर का पाणी’ खेळायची तेव्हा डोंगरावर कुणी म्हणजे कुणी चढायचं नाही. सगळी पाण्यात उभी. ज्याच्यावर राज्य आलं तो बिचारा म्हणायचा, अरे मी पाणी मागितलंय, तुम्ही त्यातच उभे, म्हणजे आऊट आहात. मुलं म्हणायची, चालेल, आम्ही आऊटच बरे. पुढे त्यांनी पायरीच्या एका चिऱ्याला ‘न पडणारा डोंगर’ असं नाव दिलं. त्यावर उभं राहायला रांग लागायची.

ज्यांचं लहानपण मोबाईलवर गेलं त्यांच्यासाठी खेळ सांगते. एकावर राज्य येतं. बाकीचे ओरडून विचारतात, डोंगर का पाणी? तो डोंगर म्हणाला की उंच जागा त्याची, पाणी म्हणाला की सगळी सखल जागा त्याची. समजा पाणी म्हणाला. इतरांनी पायरी, ओटा, दगड अशा उंच जागेवर, म्हणजे डोंगरावर राहायचं. नुसतं राहायचं नाही, मधूनच खाली उतरून त्याला चिडवायचं: ‘तुझ्या पाण्यात गोधडी धुते.’ पाण्यात सापडला त्याच्यावर राज्य. आपल्या भाषेची गंमत बघा. जो एकटा पडतो, ज्याला सगळे चिडवतात आणि जो उगाच इकडून तिकडे पळत सुटतो, त्याच्यावर ‘राज्य आलं’ असं आपण म्हणतो. मंत्रालयात हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता त्या गावाकडे येते. नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांशी मला अजून भांडायचंय आणि ते समोरासमोर भांडायचंय. उन्हाळाभर टँकरची वाट बघणारं गाव. तिथे पूर आला म्हटलं तर शहरातले लोक हसतात. पण वरच्या पाझर तलावाचा बांध फुटला आणि भर दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, कोरड्या ओढ्याने गाव घेतलं. माणूस एकही गेलं नाही. शेळ्या, कोंबड्या, भांडी, भिंती गेल्या. खालच्या आळीतले सगळे लोक दुसऱ्या दिवसापर्यंत शाळेच्या स्लॅबवर होते. त्यांना वर घेणारे हेच हेडमास्तर, गर्जे सर. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

सोमवारी शाळा भरली आणि मधल्या सुट्टीत मुलांनी नेहमीचा खेळ मांडला. राज्य असलेला मुलगा म्हणाला, पाणी. मुलं धावत पायऱ्यांवर चढली, आणि गोधडी-बिधडी कुणी धुतली नाही. त्यांनी वेगळंच ओरडायला सुरुवात केली. दोर टाका. शेरडं सोडून द्या. म्हातारीला आधी वर घ्या. सगळं त्या दुपारचं, शब्दन् शब्द. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पळी हातात तशीच धरून बाहेर धावल्या. सरांच्या हातातला डस्टर खाली पडला. मुलांचे चेहरे मात्र, मी नीट पाहिले, लालबुंद आणि खूश होते.

आणि मंगळवारी बंदी.

मी सरांना भेटायला गेले. मी बरंच बोलले, त्यात ‘मुस्कटदाबी’ हा शब्द दोनदा आला. सांगितलं की मुलं पूर परत आणत नाहीयेत, हाताळतायत. गरम भाकरी आपण या हातातून त्या हातात टाकत राहतो ना, सोसवेपर्यंत, तसं. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ताई, पटतंय. पण ते ओरडणं मला ऐकवत नाही, आणि गावालाही नाही. गावाचंही खरं होतं. पाराजवळ एक बाई मला थेट म्हणाल्या की पोरं पानी पानी करून त्याला परत बोलवत्यात, आन् तुमी टाळ्या वाजवताय व्हय.

मी त्या संध्याकाळी निषेधाचा मजकूर जुळवायला घेतला. मुलांनी तोवर प्रश्न सोडवून टाकला होता. बुधवारी ती मला न्यायला आली. पुढे अल्फिया, चौथीतली, गावात तिच्या वडिलांचं सायकल-पंक्चरचं दुकान आहे आणि तिचा आवाज पंपासारखा आहे. ती म्हणाली, “ताई, सर म्हनले शाळेच्या आवारात खेळायचं न्हाई. ओढ्याच्या पलीकडं आवार न्हाई.”

इतकी वर्षं मी नियमांतल्या फटी शोधतेय. मला ही दिसली नव्हती.

ओढा तोवर आटला होता. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या त्या ठेंगण्या सिमेंटच्या पुलावरून, पाणी जायचं बंद झालं होतं; खालच्या नळ्यांतून तेवढी बारीक धार. मी आधी जाऊन सगळं पायाखाली घालून आले, कारण खऱ्या पाण्याशी खेळायचं नाही हा आमच्या कामातला नियम मोडत नाही. पलीकडे एक वस्ती आहे, चार घरांची. पुराने तिथे गाळाचे आणि दगडांचे ढीग टाकले होते. मोठ्यांच्या दृष्टीने ते नुकसान होतं. मुलांच्या दृष्टीने असे डोंगर त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते.

त्या वस्तीवर समीक्षा राहते. हीच ती मुलगी जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

समीक्षाही चौथीतलीच, अल्फियाची बाकावरची जोडीदार. पूर आला त्या दुपारी तिचे आजोबा, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, तिला शाळेतून घेऊन फरशीवरून घरी निघाले होते. निम्म्यावर पाणी आलं. तात्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि कठड्याच्या पाइपाला मिठी मारून उभे राहिले, शाळेकडच्या माणसांचा दोर येईपर्यंत. तेव्हापासून समीक्षाने फरशीवर पाय ठेवला नव्हता. शाळा पलीकडच्या काठावर, डोळ्यांसमोर, घंटा ऐकू येणारी, आणि ही अलीकडे. डांबरी रस्त्याने फिरून जायचं तर दुसऱ्या गावातून वळसा. रोज सोडणार-आणणार कोण? वडील टेम्पोवर कामाला, आणि घरातली मोपेड त्यांच्याबरोबर जाते. मग तात्यांनी ठरवलं की दिवाळीनंतर पोरीला मामाकडे, देवळाली प्रवऱ्याला, शिकायला ठेवायचं. आई गप्प होती. समीक्षाने जेवण कमी केलं होतं. अल्फियाने मला दम दिला होता की ताई, ती गेली तर मी बाकावर एकटी बसनार न्हाई, आन् कुनाला बसू बी देनार न्हाई.

म्हणजे मुदत दिवाळीपर्यंत. तोवर ती फरशी ओलांडते की देवळालीला जाते, हा प्रश्न.

पहिले काही दिवस समीक्षा घरापुढच्या हौदाच्या कडेवर बसून नुसती बघायची. मुलांनी तिला खेळात धरलं होतं, पण ती खाली उतरायची नाही. मी तिला बोलावलं नाही. बोलावलं की मूल आणखी घट्ट बसतं. पण मुलांना न्याय लागतो. एका मुलाने तक्रार केली की ही सारखी डोंगरावरच, ही कधी आऊटच होणार नाही. चर्चा झाली. अल्फियाने निर्णय दिला की जाऊ दे, तिला कच्चं लिंबू करू.

कच्चं लिंबू म्हणजे खेळातलं ते धाकटं भावंड, ज्याला घरून सांगितलंय म्हणून खेळात घ्यायचं, पण जे आऊट झालं तरी धरायचं नाही. बहुतेक वेळा ते चड्डी सावरत भलत्याच दिशेला पळत असतं.

चौथीतल्या मुलीचा याहून मोठा अपमान नाही. समीक्षा हौदावरून उठून उभी राहिली.

“मी न्हाई कच्चं लिंबू,” ती म्हणाली. “कच्चं लिंबू ती ताई हाय. तिला कोन बी आऊट करतंय.”

आणि उतरली. मी जिथे प्रशिक्षण घेतलं तिथे भीती घालवायचे बरेच उपाय शिकवले होते. अपमान त्यांत नव्हता. मला मात्र त्या दिवसापासून कच्चं लिंबू केलं ते कायमचं. मुलाखतीत पद विचारतात तेव्हा तेच सांगावंसं वाटतं.

उतरली म्हणजे आऊट होणार, आऊट झाली म्हणजे राज्य येणार. तिसऱ्याच डावात आलं. मुलं ढिगांवर चढली आणि सवयीने ओरडली: डोंगर का पाणी? ओरडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाला विचारलंय. समीक्षा गाळाच्या सपाटीवर एकटी उभी होती. तिने ओढ्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं.

“पानी,” ती म्हणाली.

मग तिने नवा नियम काढला. ती ‘वाढलं’ म्हणाली की पाणी एक हात वर चढणार, आणि खालचे सगळे डोंगर बुडणार. वाढलं. मुलं वरच्या ढिगावर. वाढलं. मुलं त्याहून वरच्या ढिगावर, एकमेकांना धरून. वाढलं. शेवटी सगळी एकाच ढिगाच्या टोकावर चिमण्यांसारखी चिकटून, आणि ती खाली, कमरेवर हात ठेवून, त्या सगळ्या पाण्याची मालकीण. कुणाला पाय खाली टाकायची हिंमत नव्हती. मीही टोकावर होते. कच्चं लिंबू असले तरी त्या पाण्यात उतरायची माझीही छाती झाली नाही. ऊन कललं. मुलांचे पाय भरून आले. तिने आम्हाला तसंच ठेवलं. शेवटी अल्फियाचा पंप फुटला.

“समे, आता ओसरव की गं. मला लघवीला लागलीये.”

समीक्षा हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. वरचे पुढचे दोन दात मोठे, कडेचा एक पडलेला. तिने हात असा आडवा फिरवला आणि म्हणाली, ओसरलं. मुलं ढिगावरून घसरत, लोळत खाली आली आणि अल्फिया वाऱ्यासारखी बाभळीमागे गेली.

आमचं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी आता हेच सांगते. पुराच्या दुपारी पाणी कुणाला विचारून आलं नव्हतं आणि कुणाचं ऐकून गेलं नव्हतं. इथे ते नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडच्या शब्दावर चढत होतं आणि उतरत होतं. एवढ्यासाठी मुलं तोच पूर पुन्हा पुन्हा खेळतात. बंदी घातली ती याच्यावर.

पण ‘वाढलं, वाढलं’ ही आरोळी तात्यांच्या घरापर्यंत जायची. दोन-तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं, मग काठी घेऊन आले. तात्या शाळा समितीचे अध्यक्ष. बंदीचा विषय त्यांनीच सरांपुढे मांडला होता हे मला तेव्हा कळलं. मुलं ढिगांमागे पांगली. तात्या मला म्हणाले की तुमी शिकल्या-सवरल्या, ह्ये अभद्र काय लावलंय. मी तशी लवकर तापते. मी म्हटलं, अभद्र हे की जिला पाण्याची भीती बसलीय तिला तुम्ही देवळालीला पाठवताय, जिथे उसाच्या बांधाबांधाला पाणी आहे आणि दाराशी कॅनॉल आहे.

तात्यांनी काठी टेकली. शांतपणे म्हणाले, “कॅनॉलचं पानी सांगून येतं, बाई.”

कॅनॉलचं आवर्तन सुटणार म्हणून आधी गावोगाव कळतं, पाणी वाटणारा पाटकरी येतो, मग पाणी येतं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते ओढ्याकडे पाठ करून उभे होते, आणि बोलताना त्यांनी एकदाही तिकडे वळून पाहिलं नव्हतं. जाताना त्यांनी खेळ थांबवा असं काही म्हटलं नाही. समीक्षाला मात्र घरात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ती परत ढिगावर हजर. आईने मागच्या दाराने सोडली होती. आईचं गप्प राहणं वाटलं तेवढं गप्प नव्हतं.

नवरात्र गेलं, दसरा गेला. खेळ रोज मोठा होत गेला. ढीग अपुरे पडायला लागले तशी मुलं हौदावर, गाडीवर, बांधावर चढायला लागली. कोजागिरीच्या आसपासची गोष्ट. राज्य समीक्षावर होतं, पाणी तिचं होतं आणि अल्फिया तिला भयंकर चिडवत होती. तुझ्या पाण्यात गोधडी धुते. तुझ्या पाण्यात सायकल धुते. तुझ्या पाण्यात तात्यांची टोपी धुते. टोपी म्हटल्यावर समीक्षा सुटली. अल्फिया पळाली ती ढिगांकडे नाही, तर सरळ ओढ्याकडे. तिने हे मुद्दाम केलं का, हे मी तिला नंतर विचारलं. तिने खांदे उडवले आणि माझ्याकडे चेंडू मागितला.

अल्फिया फरशीवरून धडधडत गेली. तिच्यामागे समीक्षा. दोन वेण्या मागे उडत होत्या आणि ती गळा काढून ओरडत होती, माझं पानी हाय, माझं पानी हाय. वस्तीच्या काठावर आम्ही सगळे जागच्या जागी. पलीकडे शाळेच्या पायरीवर अल्फियाचा पाय पडायच्या आत समीक्षाने तिची ओढणी धरली.

मग तिने मागे वळून पाहिलं.

फरशी तिच्या मागे होती. ती पायरीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. आम्ही पोचलो तेव्हा ती रडत नव्हती, नुसती बसली होती. घरी परत कशी जाऊ, असं तिने विचारलं. मी तिच्याजवळ खाली बसले. या कामात असं बरेचदा होतं; मूल एक पाऊल पुढे टाकतं आणि मग ते पाऊल बघून त्याचं त्यालाच घाबरायला होतं. गर्जे सर वर्गाला कुलूप लावत होते. बंदी असलेला खेळ त्यांच्या आवारात, त्यांच्या पायरीवर येऊन संपला होता. त्यांनी किल्ली खिशात टाकली. तात्यांना फोन लावला की पोरगी इकडे आहे, मोपेडवर डांबरीने फिरून घेऊन जा.

मोपेड समीक्षाचे वडील घेऊन गेले होते. थोड्या वेळाने तात्या वस्तीच्या काठावर चालत आले आणि फरशीच्या तोंडाशी थांबले. नुसते उभे राहिले. मला वाटलं दम लागला असेल. अल्फिया माझ्या कानाशी म्हणाली की तात्या पुरापास्नं फरशीवर येतच न्हाईत, मीटिंगला बी डांबरीनं फिरून येत्यात. सगळ्या मुलांना हे ठाऊक होतं. गावातल्या एकाही मोठ्या माणसाला नव्हतं. मलाही.

म्हणजे दोघंही. पोरीला दूर पाठवायचं ते तिच्यासाठी तर होतंच, पण तिला हाताला धरून पुन्हा त्या पाइपापाशी जायला लागू नये म्हणूनही होतं.

समीक्षाने डोकं वर काढलं. तिने तात्यांकडे पाहिलं. मग उठली, फरशीच्या आपल्याकडच्या तोंडाशी गेली आणि ओरडली:

“तात्या, पानी ओसरलंय. मी सांगती ना, ओसरलंय. या.”

तात्यांनी तिथूनच हात हलवला. म्हणाले, “मला न्हाई येत तुमचं खेळायला.”

यावर आमच्या बाजूच्या सगळ्या पोरांना एकदम कंठ फुटला. तात्या कच्चं लिंबू. तात्या कच्चं लिंबू. टाळ्यांच्या ठेक्यावर. समितीच्या अध्यक्षांना. सरांनी तोंडावर हात धरला, आणि तो त्यांनी मुलांना दटावण्यासाठी धरला नव्हता हे मी छातीठोकपणे सांगते. तात्या काठीने जमीन चाचपत फरशीवर आले. चार पावलं टाकली, थांबले. पुन्हा दोन. निम्म्यावर, त्या पाइपापाशी, त्यांना पुढे येववेना. तेव्हा समीक्षा चालत गेली. धावत नाही, चालत. त्यांचं बोट धरलं आणि काहीतरी म्हणाली, ते आम्हाला ऐकू आलं नाही. दोघं पाइपाला टेकून थोडा वेळ उभे राहिले. मग घराकडे चालू लागले. जाता जाता तात्यांनी काठीने नळ्यातली धार हलवून पाहिली, जनावराला डिवचावं तशी.

मला नाचावंसं वाटत होतं. मी नाचले. तिथे ते चालतं, कच्च्या लिंबाला सगळं माफ असतं.

समीक्षा देवळालीला गेली, पण भाऊबीजेला गेली आणि मामाकडून फराळाचा डबा घेऊन परत आली. दुसरं सत्र सुरू झालं त्या दिवशी उशिरा शाळेत पोचली, कारण तात्यांना फरशीवर घाई केलेली आवडत नाही. या पावसाळ्यात ओढ्याला पहिलं पाणी आलं तेव्हा ती दोन दिवस घाबरली, घरी राहिली, आणि तिसऱ्या दिवशी फरशी मोकळी झाल्यावर आली. भीती गेलीय असं मी म्हणणार नाही. ती आता तिच्याबरोबर शाळेत येते, एवढंच. बंदी कागदोपत्री आजही उठलेली नाही. गर्जे सर मधल्या सुट्टीत पाठमोरे बसतात.

मला राग याचा आहे की हे सगळं नशिबाने जमलं. ढीग पलीकडे पडले म्हणून, अल्फिया होती म्हणून. पूर आल्यावर प्रत्येक गावात पहिल्यांदा शाळेचं मैदान जातं: तिथे ट्रक लागतो, मंडप पडतो, धान्य उतरतं, पंचनामे होतात. मुलांना सांगतात, खेळता काय, लाज वाटते का, घरात काय झालंय बघा. मुलांनी बघितलंय. तुमच्यापेक्षा खालून बघितलंय.

तेव्हा आता तुमच्याकडे, हा अंक हातात धरून आरामात बसलेल्या तुमच्याकडे. तुमच्या गावावर काही कोसळेल तेव्हा मैदानाचा एक कोपरा सगळ्यात आधी मुलांसाठी आखा, मग मंडपाचा खांब रोवा. हे ग्रामसभेत ठरवून घ्या, आत्ताच, पाणी यायच्या आधी. आणि तोवर एक काम आहे. दिवाळीची सुट्टी आहे, तुमच्या दारापुढे मुलं या क्षणी काहीतरी खेळत असतील आणि त्यांच्या आवाजाने तुमचं वाचन बिघडत असेल. उठा. बाहेर जा. गप्प बसा म्हणू नका. मला घेता का, असं विचारा. नाही म्हणाली तर कडेला उभे राहा. उद्या परत विचारा.